आईला बोलवा म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला काय उत्तर द्यायचं?

(पुढे सिनेमांचे शेवट फोडलेले आहेत. ज्यांना ते खपत नाही त्यांनी आधी सिनेमे बघून यावं. लेख इथेच आहे.)

डिमेन्शियावरच्या दोन अगदी वेगळ्या सिनेमांत मला एक समान गोष्ट सापडली. 'द फादर' या इंग्रजी सिनेमाच्या शेवटी अँथनी नावाचा ऐंशीच्या पुढचा माणूस लहान मुलासारखा रडत आईला बोलवा म्हणतो. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये संस्कृतचे प्रकांडपंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताच्या बायकोत, चन्नम्मात, त्यांना आई सापडते. एक लंडनचा, एक आपल्याकडचा. दोघांचीही भाषा, नाव, पत्ता गळून पडल्यावर उरते ती आई.

आता समोर जी बाई उभी आहे तिनं काय करायचं? 'अहो, तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली' म्हणायचं? की 'येतेय हं, रिक्षात बसलीय' म्हणायचं? पहिलं खरं आहे. पण ते ऐकणाऱ्याला आई आज गेल्याचं दुःख होतं, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं की पुन्हा आज. दुसरं खोटं आहे, आणि तो दारावर डोळे लावून बसतो. तिसरं काहीतरी उत्तर लागतं. ते आपोआप सुचत नाही, शिकावं लागतं. माझी तक्रार अशी की सिनेमा हे उत्तर दाखवतो, पण ते शिकलेलं आहे हे जवळजवळ कधीच दाखवत नाही.

आपल्याकडे म्हातारपणाच्या गोष्टीत प्रश्न एकच असतो: कोण सांभाळणार? 'नटसम्राट'पासून आपण तोच विचारत आलोय. मुलगा की मुलगी, सून कशी आहे, घरी ठेवलं की 'आश्रमात टाकलं'. हे 'टाकलं' क्रियापद बघा. त्यात निकाल आधीच लागलेला आहे. पण कसं सांभाळायचं, हा प्रश्न आपल्या कथा-नाटक-सिनेमात फारसा येत नाही. प्रेम असलं की सगळं जमतं, अशी आपली समजूत. डिमेन्शिया ही समजूत फार लवकर मोडून काढतो.

*

'द फादर' (२०२०) हा फ्लोरियन झेलरचा सिनेमा, त्याच्याच नाटकावरचा. अँथनी हॉपकिन्सला त्यासाठी वयाच्या ८३व्या वर्षी ऑस्कर मिळालं. मी वाचलेली बहुतेक परीक्षणं दोन गोष्टींवर थांबतात: हॉपकिन्सचा अभिनय, आणि माणसं व फ्लॅट आपल्या डोळ्यांदेखत बदलत ठेवण्याची युक्ती. दोन्ही कौतुकं रास्त आहेत. मला मात्र या सिनेमात दोन मदतनीस बायकांची तुलना दिसते.

पहिली लॉरा (इमोजेन पूट्स). घरी नव्यानं येणारी, तरुण, हसरी. तिच्याबद्दल सिनेमाला अजिबात राग नाही, मलाही नाही. पण ती अँथनीशी बोलते ते आपण बालवाडीतल्या पोराशी बोलतो तसं. गोळीच्या गोड रंगाचं कौतुक वगैरे. आणि अँथनी, ज्याला आज कुठला वार आहे ते सांगता येत नाही, तो हे तत्काळ पकडतो आणि तिला झापतो. स्मृती गेली तरी अपमान कळतो, हे या सिनेमानं फार नेमकं दाखवलंय.

याला शास्त्रात नाव आहे. टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं ब्रॅडफर्डमध्ये काम करताना डिमेन्शिया झालेल्यांशी आपण रोज कसं वागतो याचं बारीक निरीक्षण केलं. त्याचं 'डिमेन्शिया रीकन्सिडर्ड' हे पुस्तक १९९७चं. त्यात माणसाचं माणूसपण खच्ची करणाऱ्या वागण्याचे सतरा प्रकार दिलेत. लहान मूल समजणं हा एक. त्याला झेपणार नाही इतक्या वेगानं बोलणं आणि उरकणं हा दुसरा. तो समोर असताना तो नसल्यासारखं एकमेकांत बोलणं हा आणखी एक. डॉक्टरांच्या केबिनमध्ये 'हल्ली खात नाहीत हो नीट' असं त्यांच्या डोक्यावरून बोलतो ना आपण, तेच. किटवुडनं एक गोष्ट आवर्जून सांगितली: हे करणारे लोक दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ते प्रेमळ असतात आणि घाईत असतात.

दुसरी कॅथरीन (ऑलिव्हिया विल्यम्स), केअर होममधली नर्स. हा चेहरा आपण सिनेमात आधीच पाहिलेला असतो. अँथनीच्या डोक्यात तो कधी मुलीला चिकटतो, कधी आणखी कुणाला. शेवटी कळतं, ही रोज सकाळी खोलीत येणारी बाई आहे. मुलगी पॅरिसला गेलीय, हे ती सांगते. खोटं बोलत नाही. तिचं पोस्टकार्ड दाखवते. मग तो कोसळतो, आई मागतो. इथे कॅथरीन आईच्या मरणाचा विषयच काढत नाही, आई येतेय असंही म्हणत नाही. ती त्याला जवळ घेते, आणि मग सांगते की कपडे करू, बाहेर ऊन पडलंय, बागेत फेरी मारून येऊ. सगळं छोटं, जवळचं, आत्ताचं. त्याच्या रडण्याला ती माहितीनं उत्तर देत नाही. रडण्यामागे जी भीती आहे तिला उत्तर देते.

परीक्षणांत याला 'करुणा' म्हटलं जातं. आहेच. पण ही करुणा सराईत आहे. तिनं हा प्रसंग कालही निभावला असणार, उद्याही निभावणार. तिच्या आवाजात घाई नाही आणि नाटकही नाही. झेलर हे सगळं दाखवतो, पण कॅथरीन हे कुठून शिकली, शेजारच्या खोलीत आणखी किती अँथनी आहेत, याकडे त्याचा कॅमेरा वळत नाही. तो खिडकीतून झाडांकडे जातो. झाडं सुंदर आहेत, तक्रार नाही. पण मला कॅथरीनच्या मागोमाग कॉरिडॉरमध्ये जायचं होतं.

*

शिक्षण न मिळालेल्या मदतनीस बाईचं काय होतं, हे बघायचं तर असगर फरहादीचा 'अ सेपरेशन' (२०११) बघा. हा सिनेमा घटस्फोटाचा, वर्गभेदाचा, सत्य-असत्याचा म्हणून जगभर गाजला. त्याला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, ऑस्कर मिळालं. पण सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी काय आहे? तेहरानमध्ये एका माणसाची बायको घर सोडून जाते, आणि अल्झायमर झालेल्या बापासाठी त्याला घाईघाईनं बाई ठेवावी लागते.

ती रझिये. गरोदर, गरीब, श्रद्धाळू, लांबून प्रवास करून येणारी, पगार कमी म्हणून कुरकुरणारी. बरोबर छोटी मुलगी. पहिल्याच दिवशी म्हातारा कपड्यांतच लघवी करतो. रझिये फोन करून धर्माच्या जाणकाराला विचारते: परक्या पुरुषाचे कपडे बदलले तर पाप लागेल का? हा प्रसंग थिएटरमध्ये श्रद्धेची गंमत म्हणूनही पाहिला जातो. मला तो नोकरीवरच्या पहिल्या दिवसाचा सगळ्यात खरा प्रसंग वाटतो. तिला विचारायला दुसरं कुणी नाहीच. मालकानं घर दाखवलं, औषधं दाखवली असतील, आणि तो ऑफिसला गेला. या माणसाला स्पर्श कसा करायचा, तो उठून चालू लागला तर काय करायचं, हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. म्हणून ती तिच्याकडे असलेल्या एकमेव हेल्पलाइनला फोन लावते.

पुढे म्हातारा घराबाहेर पडतो, ती रहदारीच्या रस्त्यावर त्याच्यामागे धावते. नंतर एके दिवशी तिला बाहेर जावं लागतं तेव्हा ती त्याला पलंगाला बांधून, दार लावून जाते. मुलगा घरी येऊन बघतो, बाप खाली पडलेला. तिथून सिनेमा न्यायालयात जातो आणि प्रश्न होतो: दोष कुणाचा? ढकललं कुणी, खोटं बोललं कोण? फरहादी इतका बारकाईचा दिग्दर्शक आहे की प्रत्येक पात्राची बाजू आपल्याला पटते. तरी त्या न्यायाधीशाच्या टेबलावर एक प्रश्न येतच नाही: एका बाईला, एकटीला, काहीही न शिकवता, हे काम दिलंच कसं? बांधून ठेवणं हे तिचं क्रौर्य नव्हतं. तिच्यापाशी दुसरा उपायच नव्हता.

*

आता 'अस्तु'. इथे मी जरा जपून बोलतो, कारण हा सिनेमा मला आवडतो. मोहन आगाशेंचे अप्पा मराठी पडद्यावरचं फार मोठं काम आहे. अमृता सुभाषला चन्नम्मासाठी आणि सुमित्रा भावेंना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. घरातल्या मुलीची, इराची, दमणूक आणि अपराधीपणा या सिनेमानं मराठीत पहिल्यांदा इतका थेट मांडला.

पण चन्नम्मा. ती अप्पांना प्रश्न विचारत नाही, परीक्षा घेत नाही, दुरुस्त करत नाही. ती त्यांच्या जगात जाते. नेओमी फाइल ही अमेरिकन समाजसेविका वृद्धाश्रमातच वाढली. वडील तिथले व्यवस्थापक. तिनं 'व्हॅलिडेशन' नावाची पद्धत मांडली, १९८२ साली त्यावर पुस्तक आलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं: भरकटलेल्या म्हाताऱ्याला आपल्या वास्तवात ओढून आणू नका, तो जे म्हणतोय त्यामागची भावना ऐका, तिला दाद द्या. व्हॅलिडेशनच्या परिणामांचा भक्कम पुरावा संशोधनाच्या आढाव्यांत सापडलेला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यातलं मूळ शहाणपण आज बहुतेक प्रशिक्षणांत मुरलेलं आहे. आणि चन्नम्मा नेमकं तेच करते.

ती ते कशाच्या जोरावर करते? सिनेमाचं उत्तर: ती आई आहे, गरीब आहे, निसर्गाजवळची आहे. शिकलेल्या मुलीला जे जमत नाही ते न शिकलेल्या बाईला उपजत जमतं. हे बघताना डोळे भरून येतात आणि इथेच मला अडखळायला होतं. कारण चन्नम्माकडे अप्पा थोडकाच काळ असतात. तिला त्यांना सहाशेव्यांदा आंघोळ घालायची नसते. इराला असते. एका रात्रीच्या पाहुण्याशी आईसारखं वागता येतं. रोज बारा तास, महिन्याला सव्वीस दिवस, पाच वर्षं, उपजत मायेवर काम चालत नाही. माया आटली तरी हात बरोबर चालावेत, यासाठीच तर शिक्षण असतं.

आणखी एक. 'म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण' हे आपल्याला तोंडपाठ आहे. 'अस्तु' त्याला जवळजवळ अध्यात्माची उंची देतो. पण मूल रोज काहीतरी नवं शिकतं, आणि त्याच्यामागे सत्तर वर्षांचं आयुष्य नसतं. अप्पांच्या मागे ग्रंथ आहेत, विद्यार्थी आहेत, संसार आहे. माणूस आई मागतो म्हणून तो मूल होत नाही. तो घाबरलेला मोठा माणूस असतो. लॉरा चुकते ते इथेच. चन्नम्मा चुकत नाही, पण तिला बघून आपण लॉरासारखं वागायला शिकण्याचा धोका आहे.

*

हे शिक्षण म्हणजे असतं तरी काय? यात जादू नाही, म्हणून ते पडद्यावर येत नाही बहुधा. समोरून जायचं, पाठीमागून नाही. तो बसला असेल तर आपण उभं राहायचं नाही, डोळ्यांच्या पातळीवर यायचं. आपलं नाव आपणच सांगायचं. 'ओळखलंत का मला?' हा प्रश्न कायमचा बंद. एका वेळी एकच सूचना, मग थांबायचं. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न टाकला की पहिला पुसला जातो. हात धरून ओढायचं नाही. टीपा स्नो ही अमेरिकन थेरपिस्ट शिकवते तसं आपला हात त्याच्या हाताखाली द्यायचा, म्हणजे चमचा तोच उचलतोय असं त्याला वाटतं आणि खरंतर तोच उचलत असतो. तो ओरडला, मारायला धावला, तर 'हट्टी आहे' म्हणण्याआधी बघायचं: दुखतंय का, पोट साफ झालंय का, लघवीचा संसर्ग आहे का, टीव्हीचा आवाज मोठा आहे का. अशा वर्गांतला एक नेहमीचा सराव म्हणजे शिकणाऱ्यांनीच एकमेकांना एक शब्दही न बोलता चमच्यानं भरवायचं. दुसऱ्याच्या हातचा घास नको त्या क्षणी तोंडाशी येतो तेव्हा तोंड मिटून घ्यावंसं का वाटतं, हे दोन मिनिटांत कळतं.

याचा उपयोग होतो का? आंघोळीचं उदाहरण घेऊ, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. २००४ साली अमेरिकेतल्या १५ नर्सिंग होममधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. (आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल, तिकडे म्हणजे म्हाताऱ्यांनी कायमचं राहण्याची जागा.) आंघोळीच्या वेळी बिथरणारे ७३ रहिवासी, त्यांना आंघोळ घालणाऱ्या ३७ मदतनीस. मदतनिसांना शिकवलं की वेळापत्रकाकडे नको, माणसाकडे बघा: अंग झाकलेलं ठेवा, पाणी त्याच्या आवडीचं, मध्ये बोला. किंवा न्हाणीघरात नेऊच नका, पलंगावरच कोमट ओल्या टॉवेलांत गुंडाळून, एकेक भाग हलकेच चोळून स्वच्छ करा. मारणं-ओरबाडणं पहिल्या पद्धतीत ५३ टक्क्यांनी आणि टॉवेलच्या पद्धतीत ६० टक्क्यांनी कमी झालं. रुग्ण तेच, आजार तोच. बदललं फक्त आंघोळ घालणाऱ्याचं वागणं.

आणि शिकवलं नाही तर? मग गोळी येते. २००९ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्यासाठी प्रा. सुबे बॅनर्जींनी केलेल्या अहवालाचा अंदाज होता की तिथे डिमेन्शियाच्या सुमारे १ लाख ८० हजार लोकांना दरवर्षी अँटिसायकोटिक औषधं दिली जातात, त्यातल्या थोड्यांनाच फायदा होतो, आणि त्यापायी वर्षाला साधारण १,८०० जास्तीचे मृत्यू होतात. रझियेनं दोरी वापरली. श्रीमंत देशांत दोरीच्या जागी गोळी असते.

*

कुणी म्हणेल, सिनेमा म्हणजे काय ट्रेनिंगचा व्हिडिओ आहे? नाही. पण सिनेमाला शिकणं दाखवायला आवडत नाही, असं थोडंच आहे? बॉक्सर घाम गाळतात, गवई पहाटे रियाझाला बसतात, शेफ कांदा कापायला शिकतात, आणि आपण ते डोळे विस्फारून बघतो. कौशल्य पडद्यावर सुंदर दिसतं. मग मलमूत्र स्वच्छ करणाऱ्या, रडणाऱ्याला शांत करणाऱ्या हातांचा रियाझ का दिसत नाही? कारण ते काम आपल्या लेखी कौशल्य नाहीच. ते बायकांचं, गरिबांचं, 'मनापासून' करायचं काम. मन चांगलं तर देवी, वाईट तर चेटकीण. मध्ये कारागीर नाही.

थोडा अपवाद सापडला तो सारा पॉलीच्या 'अवे फ्रॉम हर' (२००६) मध्ये. अ‍ॅलिस मन्रोच्या कथेवरचा हा सिनेमा तसा नवरा-बायकोचा आहे, पण त्यातली नर्स क्रिस्टी देवी नाही. ती कामावरची बाई आहे. तिला रुग्णांचे चढउतार पाठ आहेत, नवऱ्याला काय सांगायचं आणि काय त्याच्यावर सोडायचं ते कळतं, तिला स्वतःचं आयुष्य आहे, आणि एका क्षणी ती त्या सुखवस्तू नवऱ्याला सरळ सुनावतेही. तिच्याकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं, हिला हे काम येतं.

मात्र प्रशिक्षणाचा जप करण्यातही एक चलाखी असते. एका मदतनिसाच्या वाट्याला पंधरा म्हातारे दिले आणि दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन सर्टिफिकेट वाटलं, तर ती पंधराव्या माणसाजवळ डोळ्यांच्या पातळीवर बसणार कधी? अमेरिकेत नर्सिंग होमच्या मदतनिसांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण कायद्यानंच लागतं. त्यात डिमेन्शियाच्या वाट्याला येतात त्यातले थोडे. किटवुडचं आणखी एक म्हणणं इथे आठवतं: संस्था कर्मचाऱ्यांना जसं वागवते तसंच कर्मचारी रहिवाशांना वागवतात. ज्या बाईला नावानं कुणी हाक मारत नाही तिच्याकडून दुसऱ्याचं नाव जपण्याची अपेक्षा करणं हा निर्लज्जपणा आहे.

आपण तिला काय हाक मारतो? मावशी. ब्युरोला फोन करायचा, दिवसाची की रात्रीची ड्युटी ते सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी दारात मावशी हजर. 'माय मरो, मावशी जगो' म्हणणाऱ्या भाषेत हा शब्द गोड आहे. पण त्या गोडव्यात आपलं बरंच काही झाकलं जातं. मावशीला सुट्टी कशाला, मावशीला शिकवायचं काय, मावशी तर घरचीच. तिला नातं दिलं की तिचा पेशा काढून घेता येतो.

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पुढच्या वीसेक वर्षांत असा फोन लावायचा आहे, काहींना परदेशातून. तेव्हा दर विचारालच. त्याबरोबर आणखी एक विचारा: 'आमची आजी तिच्या आईला बोलवा म्हणून रडते, तेव्हा तुम्ही काय करता?' जी म्हणेल 'मी विचारते, आई कशी होती तुमची, काय रांधायची', तिला हे काम येतं. ती मागेल तेवढे पैसे द्या.